बोलकी रेघ

टच जज म्हणजे काय, हे आमच्या मंडळींना समजावून सांगायला मला अख्खा एक रविवार लागला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मैदानात मारामारी झाली तर तुम्ही काय करणार. म्हटलं, बघणार. मग सांगणार कुणाला? कुणालाच नाही, ते माझं काम नव्हे. त्यावर ती म्हणाली, एकतीस वर्षं मोजणी खात्यात हेच तर केलंत, भावाभावांची डोकी फुटली तरी तुम्ही आपले हद्दीच्या खुणा रोवून मोकळे. मी हसण्यावारी नेलं.

मी रंगराव चौगुले, निवृत्त भूकरमापक. गावात सगळे तात्या म्हणतात. आमच्या कुंभारमाळ रग्बी मंडळाच्या मुलींच्या संघाचा मी टच जज होतो. 'होतो' म्हणतोय ते नीट ऐका. एका बाईला मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी आठ महिने गिळून बसलो. नियमानं माझी काही चूक नव्हती. कागदोपत्री आजही नाही.

रग्बी ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चेंडू हातात घेऊन पळायचं, पुढं फेकायचा नाही, आणि समोरच्यानं पळणाऱ्याला मिठी मारून पाडायचं. मैदानाच्या दोन लांब बाजूंना चुन्याच्या रेघा. चेंडू, किंवा चेंडू घेतलेल्याचा पाय रेघेला लागला की बाहेर. प्रत्येक रेघेवर झेंडा घेतलेला एक माणूस असतो, तो टच जज. मोठ्या स्पर्धांत तिथं शिकलेले सहायक पंच असतात, त्यांच्या कानात यंत्र, ते मुख्य पंचाला वाट्टेल ते सांगू शकतात. आमच्यासारख्या हौशी सामन्यांत मात्र दोन्ही संघ आपापला एकेक माणूस देतात. आपल्याच घरचा माणूस, म्हणून त्याच्यावर समोरच्यांचा काडीचा विश्वास नसतो. त्यामुळे नियमानंच त्याचं तोंड बांधलंय. चेंडू बाहेर गेला का, आणि लाथेनं मारलेला चेंडू खांबांमधून गेला का, एवढंच त्यानं सांगायचं. आमचे मुख्य पंच घोरपडे सर दर सामन्याआधी आम्हा दोघांना बोलावून एकच वाक्य म्हणायचे, "रेघ आणि खांब. बाकी तोंड शिवून ठेवायचं."

एकदाच मी ते मोडलं होतं. समोरच्या संघातल्या एकीनं आमच्या पोरीच्या पोटात कोपर घातलं, मी झेंडा नाचवून सरांना बोलावलं. सर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की तात्या, हे तुमचं काम नाही. पलीकडच्या टोळक्यानं हुर्यो केली. तात्या, तुमचा बांध कोरला काय, मोजणी आणा की! घरी येऊन मी जेवलो नाही. माणसाला स्वतःचं नाव फार प्यारं असतं, मला जरा जास्तच. पुन्हा रेघेपलीकडं बोलायचं नाही, असं त्या दिवशी ठरवून टाकलं.

आता त्या यंत्राबद्दल. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या संघटनेनं अनुदानातून सगळ्या मैदानांवर 'बोलकी रेघ' बसवली. चुन्याच्या रेघेखाली वीतभर खोल काचेची तार पुरायची. गावोगावी इंटरनेटसाठी पुरतात तीच, केसाएवढी. तिच्या टोकाला एक डबा. हा डबा सेकंदाला हजारो वेळा तारेत प्रकाशाचा ठिपका सोडतो. काच वरून एकसारखी दिसली तरी आत बारीक बारीक खोट असते, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडा थोडा प्रकाश माघारी येतो. वर पाय पडला की माती दबते, माती दबली की तार ताणली जाते. किती? डोळ्याला कधी दिसणार नाही इतकी थोडी. पण माघारी येणाऱ्या प्रकाशात तेवढ्यानंही फरक पडतो. किती वेळानं आला त्यावरून जागा कळते, किती बदलला त्यावरून जोर. रेघेवर पाय पडला की डबा झेंड्याच्या दांड्याला कळवतो, दांडा हातात थरथरतो आणि मी झेंडा वर करतो. म्हणजे रेघ बघण्याचं कामसुद्धा माझ्याकडं राहिलं नव्हतं. मी नुसता दांड्याचा हात झालो होतो.

तारेला मात्र रेघेपेक्षा बरंच जास्त कळतं. आजूबाजूला आठ-दहा मीटरवर पडलेलं प्रत्येक पाऊल तिला समजतं. कंपनीनं दांड्यात एक गाळणी बसवली होती, रेघेवरचं तेवढं हातापर्यंत येऊ द्यायचं आणि बाकीचं अडवायचं. पण आमचं मैदान काळ्या मातीचं. मार्चपासून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, तार आत लोंबकळते आणि रेघेवर पडलेला पायसुद्धा तिला लागत नाही. दोनदा भांडणं झाली. मग इरफान मुल्लानं, म्हणजे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा आमच्याच मंडळाचा पोरगा, त्यानं दांडा खोलून गाळणी सैल केली. कंपनीला कळवलं असतं तर सहा महिने माणूस आला नसता. रेघेवरचा पाय आता जोरात कळायला लागला, आणि त्यासोबत बाकीची सगळी पावलंही बारीक बारीक हातात यायला लागली. इरफाननं विचारलं, तात्या, त्रास होतोय का. मी नाही म्हटलं, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू नको असंही म्हटलं.

खरं सांगू का, मला आवडायला लागलं होतं. वर्षभरात मी पोरी पावलांवरून ओळखायला लागलो. म्हशीच्या नुसत्या चालण्यावरून गवळी सांगतो ना कुठली आली, तसं. पाठ करून उभा राहिलो तरी मला कळायचं की आता आमची कप्तान आली, ही टाच आपटते. जवळजवळ प्रत्येक पोरीचं पाऊल मला पाठ झालं होतं.

त्यातलं सगळ्यात देखणं पाऊल आमच्या संघातलं नव्हतं. इचलकरंजीच्या संघात स्वरूपा मगदूम म्हणून एकोणीस वर्षांची पोरगी होती, उजव्या कडेनं खेळायची. कडेला खेळणारी म्हणजे अर्धा सामना रेघेला लागूनच. चेंडू तिच्याकडं येणार असं दिसलं की ती डाव्या पायावर एक बारीक उडी घ्यायची, मग सुटायची. उजवा, डावा, उजवा, डावा, उडी, आणि मग जी काही धावायची! त्या उडीची मी वाट बघायचो. जीभ तिखट होती. माझ्यासमोरून जाताना म्हणायची, तात्या, झेंडा जरा हळू वर करा की, काय घाई आहे. मी तोंड शिवलेलं, काही बोलायचो नाही. पण हसू यायचं.

एप्रिलमध्ये जिल्ह्याची अंतिम लढत आमच्याच मैदानावर होती. पहिल्या अर्ध्यात ती पलीकडच्या रेघेवर होती, म्हणजे त्यांच्याच टच जजसमोर. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि ती माझ्या रेघेवर आली. त्यांचे सतरा गुण, आमचे पंधरा. त्या सतरातले दहा एकट्या स्वरूपाचे. राखीव म्हणून त्यांनी एकच पोरगी आणली होती आणि ती आधीच आत येऊन खेळत होती. आता एखादी बाहेर गेली की पंधरातल्या त्या चौदाच उरणार होत्या.

एक्कावन्नाव्या मिनिटाला सुट्या चेंडूवर सहा-सात जणी पडल्या. त्यात आमच्या एकीचा गुडघा स्वरूपाच्या कानामागं बसला. मुद्दाम नव्हे, शंभर टक्के अपघात. ती आपली आपण उठली. घोरपडे सरांनी दहा फुटांवरून विचारलं, ठीक आहेस ना, तिनं अंगठा दाखवला. डॉक्टर नव्हताच, बर्फाची पेटी घेऊन एक दादा बसला होता, तो सावलीत. खेळ सुरू झाला.

आणि माझ्या हातातलं पाऊल बदललं.

डावा पाय उशिरा येत होता. लंगडत नव्हती ती, लंगडणं मी ओळखतो. हे वेगळं होतं. वीज गेल्यावर जिन्याची पायरी चाचपत पाय टाकावा तसा तो पाय पडत होता. उडी गेली होती. चेंडू येणार असं दिसलं तरी उडी नाही. मी मान वळवून डोळ्यांनी बघितलं, तर काही नाही. केस बांधतेय, मैत्रिणीला हाक मारतेय. बघणाऱ्या सगळ्यांना ती धडधाकट दिसत होती. माझ्या एकट्याच्या हातात दुसरंच काहीतरी येत होतं.

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. संघटनेनं आमचा अर्धा दिवस वर्ग घेतला होता. डोक्याला एक हिसका बसला की मेंदू आत आदळतो, रक्तवाहिन्यांचा ताबा सुटतो, तोल आणि पावलं बिघडतात. तेवढ्यावर माणूस बाहेर बसला तर बहुतेक वेळा बरा होतो. पण तो उतरायच्या आत दुसरा हिसका बसला, अगदी हलकासुद्धा, तर मेंदू काही मिनिटांत सुजतो आणि कवटीत त्याला जागा उरत नाही. चित्रं काढून दाखवलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं.

मग मी काय केलं? विचार केला. सांगितलं तर ती बाहेर जाणार, त्या चौदा उरणार, आम्ही जिंकणार. आणि अख्खं मैदान म्हणणार, बघा, चौगुल्यानं आपल्या पोरी जिंकवायला आमची वाघीण बाहेर काढली. तुम्हाला कळलं कसं, असं कुणी विचारलं तर गाळणीचं बाहेर येणार, इरफान अडकणार, मंडळावर बंदी येणार. शिवाय नियम. रेघ आणि खांब. गप्प राहणं हाच तर प्रामाणिकपणा, असं मी मनाला बजावलं. गप्प राहण्यात आमचा तोटा होता, म्हणून मला ते जास्तच प्रामाणिक वाटलं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला आमच्या पोरीनं तिला कमरेला मिठी मारून पाडलं. नियमाला धरून, स्वच्छ. दोघी रेघेबाहेर पडल्या, दांडा थरथरला, माझा झेंडा वर गेला. निर्णय बरोबर होता. आमची पोरगी उठली. स्वरूपा उठली नाही.

तिसऱ्या दिवशी ती सांगलीच्या दवाखान्यात वारली.

चौकशी झाली. टेबलापलीकडं तिघं, अलीकडं मी, मध्ये चहा. तुम्हाला काही नियमबाह्य खेळ दिसला का? नाही. शेवटच्या वेळी रेघेबाबतचा निर्णय योग्य होता का? होय. खेळाडूच्या प्रकृतीबद्दल बोलायचा टच जजला अधिकार आहे का? नाही. ठीक आहे, या तुम्ही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, सरकारी नोकरीत हेच शिकलो होतो. अहवालात माझ्याबद्दल एक ओळ आली, की रेघेच्या पंचांचं काम निर्दोष. बाहेर घोरपडे सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, टच जज असावा तर असा, हद्द सोडली नाही. त्यांचे डोळे भरले होते. तेही झोपत नव्हते म्हणे. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

जूनमध्ये सामने परत सुरू झाले. दुसऱ्या अर्ध्यात दहाएक मिनिटं झाली आणि रेघेच्या कडेला कुणीच नसताना दांड्यात एक पाऊल आलं. उजवं. मग, उशिरा, डावं. मी बघितलं, मोकळं गवत. पुढच्या रविवारी परत तेच. इरफानला म्हटलं, तुझा डबा बिघडलाय. त्यानं सगळी नोंद काढून दाखवली. हा डबा नेहमीच्या खेळाडूंच्या पावलांचे ठसे साठवून ठेवतो, गर्दीत कुणाचा पाय कुठला हे वेगळं करायला. त्यामुळे कधीकधी नुसत्या मातीच्या आवाजातही तो ओळखीचं पाऊल शोधत बसतो, हे खरं. पण त्या मिनिटाला त्यानं दांड्याला काहीच पाठवलं नव्हतं. नोंद कोरी होती. इरफान म्हणाला, तात्या, हे तुमच्या हातातलं आहे.

मग ते घरी आलं. स्कूटरच्या हँडलमध्ये, पंपाच्या नळीत, देवळातल्या कठड्यावर हात टेकला तर तिथं. उजवं. आणि उशिरा डावं. झेंडा धरायचो तो डावा हात मी खिशात घालून हिंडायला लागलो. आमच्या मंडळींच्या नजरेतून काही सुटत नाही. एका सकाळी भाजी निवडता निवडता तिनं खोदून विचारलं आणि मी दांड्याचं सगळं ओकलो. तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, आता सांगून ती पोरगी येणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प राहा, तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडं बघू. तिचंही खरं होतं. पण त्या दिवसापासून ती माझ्या हाताकडं बघत नाही. ताट वाढतानासुद्धा बघत नाही.

एकदा मी इरफानला आडून आडून विचारलं, की पावलावरून डोक्याचं कळतं का रे. तो एकदम खुलला. कळतं म्हणजे काय तात्या, चांगलं कळतं! पावलांमधलं अंतर, टाचेचा जोर, डाव्या-उजव्यातला फरक, एवढ्यावर हा डबा अर्ध्या मिनिटात सांगू शकेल की या खेळाडूला बाहेर काढा. कंपनीनं तसं करूनही बघितलं होतं. मग तो भाग बंद करून टाकला. का? तर एकदा सांगायला लागलं की न सांगितल्याची जबाबदारी येते. म्हणून त्यांनी ठरवलं, की रेघेचं यंत्र रेघेपुरतंच ठेवायचं. इरफान चिडून सांगत होता. मी काय बोलणार, मला त्या डब्याची जात कळली होती.

डिसेंबरात इरफानचा फोन आला. स्वरूपाची आई त्याच्याकडं येऊन गेली होती. सारिका मगदूम, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. लोकांनी तिला लेकीचे व्हिडिओ दिले होते, पण ते तिला बघवत नव्हते. तिला कुठूनसं कळलं होतं, की ही रेघ पावलं साठवून ठेवते. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, लोखंडी जिना. लेक आली की जिन्यावरच कळायचं, मग ही तवा ठेवायची. तिला ती पावलं एकदा हातात घ्यायची होती. चौकशीसाठी ठेवलेली त्या सामन्याची सगळी नोंद इरफानकडं होती, आणि दांड्यात परत सोडता येत होती. दांडा कसा धरायचा ते दाखवायला तात्या या, असं तो म्हणाला. मी त्याला बजावलं, की चाळीसपासून पन्नासाव्या मिनिटापर्यंतच लाव, पुढं नको. का, म्हणाला. म्हटलं, सांगितलं तेवढं कर.

बुधवारी दुपारी चारला त्या आल्या. बारीक चणीची बाई, कामावरून थेट, केसांना सुताचे तंतू चिकटलेले. मला नमस्कार केला. तिच्या तोंडी तुमचं नाव असायचं, म्हणाल्या, झेंड्यावाले तात्या म्हणायची. मी त्यांना दांडा धरायला शिकवला. घट्ट नाही, सैल, अंगठा वर. इरफाननं रेघेजवळ खुर्ची मांडून लॅपटॉप उघडला आणि सुरू केलं.

पहिलं मिनिटभर त्यांना काही कळेना. मग त्यांचा चेहरा बदलला. त्या खाली दांड्याकडं बघायच्या सोडून समोर मैदानाकडं बघायला लागल्या, जिथं कुणी नव्हतं. ही उडी, त्या म्हणाल्या, ही जिन्याच्या शेवटच्या पायरीला घ्यायची. हसल्या. रडल्या नाहीत. दहा मिनिटं त्या रेघेच्या कडेनं दांडा धरून पावलांबरोबर चालत गेल्या आणि चालत आल्या. असं सुख मी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. मग थरथर थांबली.

"अजून आहे की," लॅपटॉपवरचे आकडे बघून त्या म्हणाल्या. "अठ्ठावन्नला पडली म्हणत्यात. ही तर पन्नासच झाली."

इरफाननं माझ्याकडं बघितलं. यंत्राचं काही कारण सांगता आलं असतं. माती, भेगा, नोंद खराब, काहीही. त्या बाईला ती दहा मिनिटं पुरली असती, घेऊन गेली असती ती घरी. मी इरफानला म्हटलं, लाव पुढं.

एक्कावन्न आलं. त्यांच्या हातात दांडा जोरात हलला, ती पोरींच्या पडण्याची जागा. मग उठली. चार-पाच पावलं झाली असतील. सारिकाताई जागच्या जागी थांबल्या.

"ही माझी लेक न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला काय झालंय?"

इरफान लॅपटॉपवर वाकला. आकडे बघून त्याचा रंग उडाला. त्यानं चौकशीच्या वेळी शेवटचं मिनिट तेवढं बघितलं होतं, मधली सात कुणी बघितलीच नव्हती. त्यानं नोंद थांबवली. ताई माझ्याकडं वळल्या.

"तात्या, हे तुमच्या हातात आलं हुतं?"

"हो."

"तवाच?"

"तेव्हाच."

मग मी सगळं सांगितलं. गाळणीचं, चौदा पोरींचं, नावाचं. आणि जे चौकशीत सांगितलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं, तुम्हालासुद्धा इथवर सांगितलं नाही, तेही सांगितलं. त्रेपन्नाव्या मिनिटाला बाहेर गेलेला चेंडू घ्यायला स्वरूपा माझ्यासमोर आली होती. दोन हातांवर. तात्या, किती मिनिटं झाली, तिनं विचारलं. त्रेपन्न, मी म्हटलं. ती थोडी वळली, परत माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, तात्या, किती मिनिटं झाली? तोच प्रश्न, तोच आवाज. मी परत म्हटलं, त्रेपन्न. तेव्हा तर दांड्याचीही गरज नव्हती. लहान पोराला कळलं असतं.

"मला अधिकार नव्हता ताई," मी म्हणालो. "टच जजला फक्त रेघेचा असतो."

त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी. मग म्हणाल्या, "आमच्या मागावर एका पोरीची ओढणी पट्ट्यात गेली हुती. बंद करायचं बटन मुकादमाचं. मी दाबलं. चार दिसाचा पगार कापला." त्यांनी दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुमचं काय कापलं असतं?"

"नाव खराब झालं असतं."

"आनि?"

"तेवढंच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, झेंडा तोंडावर मारला असता, मी उभा राहिलो असतो. त्यांनी तसलं काही केलं नाही. झेंडा माझ्या हातात दिला. माझ्या डाव्या हातात, मुठीची बोटं एकेक करून स्वतः दांड्याभोवती मिटवली.

"इरफानभाऊ, एक्कावन्नपासनं परत लावा," त्या म्हणाल्या. "तात्या, आता तुम्ही धरा. आनि जिथं बिघडलं तिथं सांगा. तोंडानं. समद्यांना ऐकू जाईल असं."

मैदानावर आम्ही तिघंच होतो. पलीकडच्या खांबापाशी कुणाची तरी गाय चरत होती. दांडा थरथरला. माती एकदा जोरात दबली, मग पोरी उठल्या, मग ती उठली. उजवं आलं. मी थांबलो. डावं उशिरा आलं.

"थांबवा," मी म्हणालो.

ताई म्हणाल्या, ऐकू नाही आलं.

"थांबवा! घोरपडे सर, थांबवा, पोरीला बाहेर काढा!" माझा आवाज मला ओळखू येईना. गाईनं मान वर केली. "सर, तिच्या डोक्याला लागलंय! तिला बाहेर काढा!" इरफाननं बंद करायला हात पुढं केला, ताईंनी त्याचं मनगट धरलं.

हातात पावलं पडतच राहिली. ती मध्यावर धावत गेली, माघारी आली. मी ओरडत होतो. ती माझ्यासमोर आली, दोन हातांवर, आणि उभी राहिली. पाऊल नाही, काही नाही, नुसतं तिचं वजन माझ्या हातात. "पोरी, बाहेर ये," मी म्हणालो. "खेळू नको, बाहेर ये."

ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग वळली आणि खेळायला गेली.